पुण्याहून आलेली अळी

१० सप्टेंबर २०१७, अमरावती

आज दिवसभर डोक्यावरून रजई घेऊन बसले होते आणि रजईच्या आत फोनसमोर एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते: "ज्या माकडानं हत्तीले ढकललं, थे माकड झाडावर चढलं." बाहेर वलगाव रोडवरचे ऑटो बोंबलत होते, आत घामाच्या धारा. अब्बूंचं अकोल्यात गादी-रजईचं दुकान आहे, म्हणून ही जाडजूड रजई तरी माझ्याकडे आहे. ध्वनिमुद्रणात गाड्यांचा आवाज अजिबात चालणार नाही, असं करंबेळकर सरांनी पुण्याहून कळवलं होतं. पुण्यात गाड्या नसतात वाटतं.

सर भाषा आणि मन यांचा अभ्यास करतात, तोही ऑनलाइन. माणसाच्या फोनवर एक लिंक जाते. ती उघडली की आधी एक छोटी गोष्ट ऐकू येते, मग लांबलचक वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याबरोबर दोन चित्रं. बरोबर चित्रावर बोट ठेवायचं. बोट ठेवायला किती वेळ लागला, ते पुण्यातला संगणक मोजतो. डोक्यात काळजी असली की समोरच्याचं बोलणं कळायला उशीर होतो का, हे सरांना शोधून काढायचंय. अम्मीला विचारलं असतं तर तिनं मेथी निवडता निवडता सांगितलं असतं.

दोन फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत सगळ्यांना लग्नाच्या मांडवाची गोष्ट. दुसऱ्या फेरीत अर्ध्यांना काळजीची. वऱ्हाडातली माणसं मी गोळा करायची, आवाजही माझाच, आणि लेखावर सरांच्या नावामागे माझं नाव येईल असं सर म्हणालेत. एम.ए. मानसशास्त्र करून तासिका तत्त्वावर शिकवत फिरणाऱ्या निखतला याहून बरं काही या जन्मी मिळायचं नाही. म्हणून रजईत शिरले. पण स्वतःचा आवाज आज इतका ऐकला की स्वतःचीच शिसारी आली.

१७ सप्टेंबर

पॅसेंजरनं धामणगाव रेल्वेपर्यंत, तिथून ऑटोनं आत एका खेड्यात. खेड्याचं नाव लिहीत नाही. सहभागींची ओळख कुठे उघड करायची नाही असा सरांचा नियम आहे.

ओसरीवर बायाबापडे जमले. माझ्या गळ्यात ओळखपत्र. "कोठून आल्या मॅडम?" मी म्हटलं, अकोल्याची आहे, विद्यापीठाचं काम आहे. खरं तर सरांची संस्था आहे, पण संस्था म्हटलं की लोकांना बचत गट वाटतो. विद्यापीठ म्हटल्याबरोबर सतरंजी आली, चहा आला. चहात एवढी साखर की दात शिवशिवले.

मग सुरू झाला तमाशा. एकट्यानं करायचं, कोणी कोणाला सांगायचं नाही, हे मी घसा फोडून सांगितलं. एकीच्या हातात मी नेलेला फोन आणि तिच्या डोक्यावर चार डोकी. "हत्तीवर दाब वं!" "माकडावर!" "हत्तीच्या हातात छत्री कायले? त्याले काय सर्दी होते?" एका म्हाताऱ्यानं तंबाखू मळलेलं बोट असं काही दाबलं की पडद्यावर पिवळा फराटा उमटला, आणि तो पुसायला त्यानं त्याच बोटाला थुंकी लावली. तो फोन मी रुमालात गुंडाळून परत आणलाय. अजून पर्समधून काढलेला नाही.

तेवढ्यात सत्यभामाबाई आल्या. पन्नाशीच्या, उंच, करड्या आवाजाच्या. आल्या आल्या सगळ्यांवर करवादल्या. "बाजार भरवला काय इथी? थ्या मॅडम तितक्या दुरून आल्या अन् तुमी खिदळून रायल्या! एकेक जन आत जा."  मग त्या स्वतः आत गेल्या, दार लोटून घेतलं, आणि सगळं नीट करून आल्या.

"थो आवाज तुमचा होता?"

"हो."

"फोनातल्या बाईचा नाई वाटत. आपल्या घरचं मानूस सांगून रायलं असं वाटते." मग म्हणाल्या, "मले अक्षर येत नाई. पन ऐकू येते अन् दिसते. तेवढं बस झालं."

खरं सांगते, मला फार बरं वाटलं. पुण्याच्या फोनवर इतकं साधं कौतुक कधी होत नाही.

त्यांनी मला वावरात नेलं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेच्या वर, पात्याफुलांनी लगडलेली. त्यांचे मालक, वामनराव, धामणगावच्या एका जिनिंगात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला आहेत. हंगामात मुक्काम तिकडेच. आजवर काय पेरायचं, कधी फवारायचं, सगळं तेच सांगायचे. या वर्षी सत्यभामाबाईंनी हट्ट धरला की यंदा माझ्या डोक्यानं करू द्या. वामनराव म्हणाले, कर. पण बुडालं तर पुढच्या सालापासून वावर ठेक्यानं देईन आणि तू घरात बसायचं. हे सांगताना बाई हसत होत्या, पण हात गवत उपटायचा थांबत नव्हता. "वावर गेलं तं मी दिवसभर करू काय, मॅडम? भिंती पाहू?"

८ ऑक्टोबर

काळजीची गोष्ट आली. सरांनी आधी आजारी लेकराची गोष्ट लिहिली होती. त्यांच्या नीतिसमितीनं ती नाकारली. मग घराला आग लागल्याची. तीही नाकारली. मग पेपरात बोंडअळीच्या बातम्या दिसल्या आणि सरांना पिकावरची कीड सुचली. ती मंजूर झाली. कीड 'सौम्य' आहे म्हणे. ज्या समितीनं हे ठरवलं तिच्यात एकाच्याही नखात कधी माती गेली नसेल. ते मंजुरीचं पत्र वाचताना किळस आली.

पण सरांनी गोष्ट तरी कशी लिहावी? "तुमच्या कपाशीवर कीड पडली आहे. त्यामुळे तुम्ही चिंतेत आहात." हे ऐकून वऱ्हाडात कोणाला चिंता वाटणार? जांभई येईल. मी ती सगळी मोडून नव्यानं केली आणि रजईत बसून म्हटली:

"तुमच्या वावरात पराटी उभी हाय. वरून बोंड हिरवंगार दिसते, पन अळी आत शिरली. फोडून पायलं तरी लवकर दिसत नाई, बारीक हाय. आज एका बोंडात, उद्या धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत. आता पराटी उपटल्याबिगर इलाज नाई."

सरांचा लगेच फोन. "निखत, अंगावर काटा आला! हे मला सुचलंच नसतं." पडद्याच्या वरच्या बाजूला 'ही गोष्ट काल्पनिक आहे' अशी ओळ आहे, बारीक अक्षरात. मी विचारलं, तेही आवाजात म्हणू का? सर म्हणाले, नको, परिणाम पातळ होतो. मला पटलं. शिवाय रजईत आणखी एक वाक्य म्हणायचा कंटाळा आला होता, हेही खरंच.

'फोडून पायलं तरी लवकर दिसत नाई' ही ओळ माझी आहे. सर्वांत जमलेली तीच.

२२ ऑक्टोबर

सत्यभामाबाईंनी सीतादहीला बोलावलं होतं. पहिला कापूस वेचण्याआधी शेताच्या कोपऱ्यात खडे मांडतात, त्यांना दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, मगच पहिल्या बोंडाला हात लावतात. मला दहीभात हातावर दिला. "तुमाले चालते ना?" मी म्हटलं, दहीभाताला कोण नाही म्हणतं? पण माश्या इतक्या की प्रत्येक घासाआधी फुंकर. बाजूला दोन बाया चुलत सासूवरून भांडत होत्या. आपल्याकडे पवित्र गोष्टसुद्धा धड शांततेत होत नाही.

वामनराव दिवाळीच्या सुट्टीत आले होते. बुटके, नीटनेटके, खिशाला पेन. पऱ्हाटीकडे बघून म्हणाले, "दिसून तं रायली चांगली. माल घरात आल्यावर समजते." सत्यभामाबाई त्यांच्यामागून मला डोळ्यांनी सांगत होत्या, ऐका, असं बोलतात. फुटलेला कापूस थोडाच होता, खरा माल हिरव्या बोंडांत होता. दुसऱ्या-तिसऱ्या वेच्याला घर भरेल असं त्या म्हणाल्या.

सरांना 'स्थानिक चित्रं' हवी होती, म्हणून मी वावराचा फोटो काढला. मधोमध बुजगावणं आहे, त्याला वामनरावांचा जिनिंगमधला जुना खाकी शर्ट आणि डोक्यावर फुटकं हेल्मेट. झकास फोटो आलाय. परतताना गाडीतूनच सरांना पाठवला.

२ नोव्हेंबर

दुसरी फेरी सुटली. मी गावोगाव जायचं नाही. लिंक थेट सगळ्यांच्या फोनवर गेली. लग्नाची गोष्ट कोणाला आणि अळीची कोणाला, ते संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो. मलाही माहीत नसतं.

आणि सरांनी मी काढलेला वावराचा फोटो घेतला! अळीची गोष्ट ऐकू येते तेव्हा पडद्यावर तोच फोटो, पूर्ण रुंदीत. खाली 'छायाचित्र: निखत' असं नाही, पण मला ठाऊक आहे. आवाज माझा, शब्द माझे, फोटोही माझा. अमरावतीतल्या या कोंदट खोलीत बसून आज पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी केलं.

६ नोव्हेंबर

काय माणसं आहेत ही! सकाळपासून फोन. "मॅडम, बोंडअळीवर कोनतं औषध मारू?" "माही पराटी पाहाले कधी येता?" एकजण तर, कृषी केंद्रवाल्यानं बिलं नीट दिली नाहीत म्हणून, त्याच्या नावानं मला शिव्या ऐकवत होता. मी म्हटलं, भाऊ, मी औषधवाली नाही. चित्रं दाबली का तेवढं सांगा. तो म्हणाला, "चित्रं मरू द्या वो, अळीचं बोला."

वर स्वच्छ लिहिलंय, गोष्ट काल्पनिक आहे. वाचायचं नाही, ऐकायचं अर्धवट आणि मग माझं डोकं खायचं. अशा लोकांवर संशोधन करायचं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. सरांना सांगितलं तर ते खूश. "लोक गोष्टीत शिरतायत, निखत. उत्तम आहे." मी फोन बंद करून झोपले. तिटकारा आलाय सगळ्यांचा.

९ नोव्हेंबर

सत्यभामाबाईंचा फोन. पाठीमागे बायांचा गलका होता, नीट ऐकू येत नव्हतं. एवढंच म्हणाल्या, "मॅडम, तुमी सांगतलं तसं केलं म्या. सगळं."

"छान केलंत, मावशी. धन्यवाद."

"म्हनलं सांगून टाकावं."

चला, एक तरी माणूस सांगितलेलं सांगितल्याप्रमाणे करतं. आवाज मात्र थकलेला वाटला. वेचणीचे दिवस आहेत.

१२ नोव्हेंबर, अकोला

घरी आले. बसमध्ये शेजारच्या माणसानं अख्ख्या वाटेत शेंगा खाऊन टरफलं माझ्या पायाशी टाकली. बोलले तर म्हणतो, "उडून जाते ना मॅडम." उडत नाहीत, चिकटतात.

अब्बू दुकानात वैतागलेले. गाद्यांसाठी आणलेल्या नव्या कापसात पिवळे डाग आहेत. "इस साल की रुई में जान नहीं. सब तरफ से ऐसी ही आ रई," म्हणत मूठमूठ कापूस उचलून मला दाखवत होते. कापसातून एक गुलाबी ठिपका वळवळत निघाला, तो त्यांनी चपलेनं चिरडला. मी आत गेले.

अम्मीला माझं काम ऐकायचं होतं. अळीची गोष्ट लावून दाखवली. तिनं ओढणीचं टोक दातात धरून ऐकली. मला वाटलं, म्हणेल काय सुंदर बोलतेस.

"बेटा, ये तो तू लोगाँ को डरा रई."

"झूटमूट की बात है, अम्मी. ऊपर लिखा है."

"लिखा हुआ कौन पढ़ता? मैं पढ़ती क्या?"

अम्मीला, आमच्या हलीमाबींना, संशोधन समजावणं म्हणजे कठीणच. मी विषय बदलला. 

१९ नोव्हेंबर

 

दुसऱ्या फेरीनंतरच्या शेवटच्या मुलाखतीसाठी गावात गेले. सत्यभामाबाई घरी नव्हत्या, वावरात आहेत म्हणाले. गेले. वावरात काही नव्हतं. काळी माती, तिच्यावर पेरलेल्या हरभऱ्याच्या रेघा, आणि मधोमध खाकी शर्ट घातलेलं बुजगावणं. धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, पऱ्हाटीच्या काड्यांचा ढीग, आणि काड्यांवर बोंडं. हिरवी बोंडं, कातडी सुरकुतून काळी पडत चाललेली. हजारो. वास येत होता.

"मावशी, हे काय केलं?"

"काय म्हंजे? तुमीच तं सांगतलं." त्या हातातलं खुरपं झटकत उठल्या. "फोन आला. तुमचा आवाज. अन् वर माह्यंच वावर! माह्यं बुजगावनं! मी म्हनलं बाप्पा, मॅडम दिवाळीत पाहून गेल्या, फोटो घेऊन गेल्या, तिकडं तपासला असन, अन् आता कळोलं त्याइनं."

"बोंड फोडून नाही पाहिलं?"

"पायलं तं! पाटीभर फोडले. एकातई दिसली नाई. पन तुमी म्हनलं होतं ना, फोडून पायलं तरी दिसत नाई, बारीक हाय."

माझी ओळ. सरांची नाही, समितीची नाही.

"पराटी उपटाचे चिमटे आनले, दोन बाया घेतल्या, उपटून टाकली. लोक हासले. मी म्हनलं हासा, तुमाले अक्कल मंग येईन. मातीत वल होती तं हरबरा पेरला." मग जरा जवळ आल्या. "आमच्या याइले अजून सांगतलं नाई. जिनिंग जोरात चालू हाय, आले नाई इकडं. आले का सांगीन, मॅडमनं सांगतलं होतं म्हून. तुमचं नाव घेतलं तं बोलनार नाई थे."

मी मान हलवली.  त्यांनी ओंजळभर बोरं दिली, ती मी घेतली. धामणगावच्या फलाटाच्या टोकाला जाऊन ओकले. एक बाई पाण्याची बाटली घेऊन धावत आली तर तिच्यावरच ओरडले.

२० नोव्हेंबर

सरांना सगळं सांगितलं. सर म्हणाले, "विलक्षण!"

विलक्षण. हाच शब्द.

"अगं, नुसत्या ऐकलेल्या गोष्टीचा परिणाम माणसाच्या कृतीपर्यंत गेला. आवाज, ओळखीची बोली, ओळखीचं चित्र. व्याख्यानात हा किस्सा सांगता येईल. तू त्या मोकळ्या शेताचा फोटो काढलास का? आधीचा आणि नंतरचा शेजारी शेजारी ठेवता येतील."

मी म्हटलं, सर, त्या बाईचं पीक गेलं.

"वाईट झालं. पण सूचना पडद्यावर होती, आणि समितीनं ती मान्य केलेली आहे." मग कागद चाळल्याचा आवाज. "आणि हो, तिची उत्तरं गाळून टाक. गोष्ट खरी समजली म्हणजे सूचना कळली नाही. असा सहभागी मोजता येत नाही."

मी तिची उत्तरं उघडून पाहिली. सगळी बरोबर. माकड, हत्ती, छत्री, एकही चुकलेलं नाही. आणि पहिल्या फेरीपेक्षा लवकर. काळजीनं बाईचं डोकं मंदावलं नव्हतं, उलट कान टवकारले होते. सरांना जे दाखवायचं होतं त्याच्या अगदी उलट. मी हे सांगितलं. सर म्हणाले, "म्हणूनच गाळ. एका माणसानं चित्र बिघडतं." ते फोनवर थांबून होते, झालं का विचारत होते.

मी गाळली. थुंकावंसं वाटतं स्वतःवर. त्या तंबाखूवाल्या म्हाताऱ्याचं बोट याहून स्वच्छ होतं.

अम्मीला फोन केला होता, तिला सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "जा के सच बोल दे. उनके मियाँ के सामने बोल. फिर जो होना सो होगा." मी जाणार. येत्या रविवारी. दोघांसमोर सांगणार की दोष माझा आहे, मावशींचा नाही.

२६ नोव्हेंबर

गेले होते.

सत्यभामाबाई चुलीपाशी होत्या, एकट्या. वामनराव आदल्या संध्याकाळी आले होते, आता बाहेर पाराकडे गेले होते. मी पाटावर बसले आणि बसल्या बसल्या सांगून टाकलं. थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता. म्हटलं, मावशी, ती गोष्ट खोटी होती. तुमच्या एकटीसाठी नव्हती, पुष्कळांना गेली. फोटो मीच पाठवला होता, तो त्यात घातला जाईल हे मला नंतर कळलं, आणि कळल्यावर मला आनंद झाला होता. तुमच्या बोंडांत काय होतं ते मला ठाऊक नाही. मी कृषीवाली नाही. मला कपाशीतलं काही कळत नाही.

त्या भाकरी थापत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग सांगतलं कावून?"

"तुम्हाला काळजी वाटावी म्हणून. काळजी वाटल्यावर माणूस चित्र किती वेळात ओळखतो, ते बघायचं होतं."

हे वाक्य मी कितीदा कागदावर लिहिलं असेल. पुण्याला, अर्जात, अहवालात. पण चुलीपुढे बसलेल्या माणसाला तोंडानं आज पहिल्यांदा सांगितलं. इतकं घाण वाक्य मी आयुष्यात बोललेले नाही.

"काळजी पाहाले लोकाइले इतकी मेहनत करा लागते?" त्या म्हणाल्या. "इथी येऊन बसल्या असत्या चार दिवस तं दिसली असती." भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "मंग? आलं का माह्यं बरोबर?"

"सगळं बरोबर आलं, मावशी. एकही चूक नाही."

"म्हंजे डोकं ठीक हाय माह्यं."

मला रडू आलं, त्यांना नाही. मी म्हटलं, आता वामनरावांना सांगते, त्यासाठीच आलेय. तशी त्यांनी पिठाच्या हातानं माझं मनगट धरलं.

"खबरदार! याइले हे सांगू नोका. काल आले तवापासून बोलून रायले. गावातल्या लोकाइनं कान भरले, की अळी नोतीच, बाईनं येड्यावानी उभी पराटी उपटली. मी म्हनलं होती. मॅडमनं सांगतलं होतं. आता तुमी म्हनान नोती, तं मी येडी ठरली ना? वावर गेलं माह्या हातचं. पराटी गेली तं गेली, वावर जाऊ देऊ नोका."

"पण मावशी, खोटं…"

"खोटं तं तुमी अगुदर बोलल्या. आता माह्यासाठी एकडाव बोला."

पायातली वहाण दारात वाजली. वामनराव आत आले, मला बघून हात जोडले, टोपी काढून खुंटीला लावली. माझ्यासमोर मांडी घालून बसले. रागावलेले नव्हते, मला ते अधिक जड गेलं.

"मॅडम, बरं झालं तुमी आल्या. तुमी शिकलेल्या, विद्यापीठाच्या. ही म्हन्ते पराटीत अळी होती. गाव म्हन्ते नोती. मी तं जिनिंगात होतो. तुमीच सांगा मले, होती का?"

सत्यभामाबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. भाकरी जळत होती तरी त्या ती उलटत नव्हत्या.

"होती," मी म्हणाले.

माझा आवाज जराही हलला नाही. वामनरावांनी लांब श्वास सोडला. "मंग बरोबर केलं इनं. मी उगाच तोंड सोडलं रातभर." बायकोकडे बघून, पण तिला उद्देशून नाही, असं म्हणाले, "राहू दे मंग वावर इच्याकडंच. मानसानं वेळेवर करावं लागते, ते केलं इनं." सत्यभामाबाईंनी जळकी भाकरी बाजूला काढली आणि दुसरी थापायला घेतली. माझ्यापुढे चहा ठेवला. तेव्हाही माझ्याकडे बघितलं नाही.

मी चहा संपवून उठणार तेवढ्यात वामनराव म्हणाले, "अजून एक विचाराचं होतं, मॅडम. माहा लहाना भाऊ हाय. त्याची पराटी उभी हाय अजून, बोंडं बी भारी धरले. इच्यं पाहून थो घाबरला. इचारून रायला, ठेवू का उपटू? तुमी सांगान तसं करतो म्हन्ते."

सत्यभामाबाईंचे हात परातीतच थांबले.

"ठेवू दे," मी म्हणाले. "त्यांच्या पऱ्हाटीत काही नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. "मॅडम म्हन्ते ठेव. हाव, इथीच बसल्या हायेत. काई नाई म्हन्ते तुह्या वावरात." पलीकडून तो भाऊ काहीतरी हसून बोलला, वामनरावही हसले, आणि मला पाराजवळच्या ऑटोपर्यंत पोचवायला स्वतः आले.

ऑटो गावाबाहेर पडला, दोन्ही बाजूंना उभ्या पऱ्हाट्या लागल्या. लहान भावाचं वावर यांतलं कोणतं, गावाच्या कोणत्या अंगाला, हेसुद्धा मी विचारलं नव्हतं.